बंदुकीआड गेलेले घर

१९७९ साली चंद्रपुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वामन कृष्ण चोरघडे. त्याच वर्षी तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या भद्रावतीत पहिले आदिवासी साहित्य संमेलन झाले. एकच जिल्हा, एकच वर्ष आणि दोन वेगळे मांडव. पुढे २०१२ मध्ये वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली मराठीचा मोठा मांडव पुन्हा चंद्रपुरात पडला. मधल्या काळात, १९८२ साली, जुन्या चांदा जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली वेगळा निघाला. पेपरमिल, कोळसा, वाघ, कुपोषण, नक्षलवाद, दारूबंदी, लोहखाण अशा एकेका निमित्ताने या मुलखावर लिहिणाऱ्यांची कधी वाण पडली नाही. तरीही कोणी म्हणाले, की या दोन जिल्ह्यांतल्या एका गरीब घराची, चुलीपासून कर्जापर्यंतची एक दणकट कादंबरी सुचवा, तर हात कपाटाकडे जातो आणि तिथेच रेंगाळतो.

मराठीला अशी कादंबरी लिहिताच येत नाही असे म्हणायची सोय नाही. विभावरी शिरूरकरांनी १९५० मध्ये ‘बळी’ लिहिली, ती गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात कोंडणाऱ्या वसाहतीवर. पांढरपेशा घरातल्या स्त्रीच्या प्रश्नांसाठी गाजलेली लेखिका त्या कुंपणाआड गेली. पाठोपाठ ‘बनगरवाडी’ (१९५५) आली आणि मग ‘फकिरा’ (१९५९). पण घर म्हणून घर उभे राहिले ते १९६० मध्ये, उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये. अमरावतीकडचे शिंप्याचे घर. नवरा महादेव पाय रोवून उभा न राहणारा, बायको कौतिक सगळा भार ओढणारी. ती संसार सावरते, तो ढासळतो, ती पुन्हा सावरते. महादेवला महारोग जडतो, तेव्हाही लेखक थांबून समाजाला चार शब्द सुनावत नाही. कौतिकला बोलू देतो, वऱ्हाडीत. साठ वर्षे उलटून गेली, तरी विदर्भातल्या गरिबीवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला या बाईच्या शेजारी उभे राहून स्वतःची उंची मोजावी लागते.

रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ (१९७१) मराठवाड्यातली. तिथेही घर शिंप्याचेच, आणि सांगणारी त्याची बायको, पारबती. मला हा योगायोग वाटत नाही. शेतकऱ्याची कादंबरी म्हटली की जमीन येते, आणि जमीन आली की तिची माया येते, पाऊस येतो, बैल येतो, आणि लेखक हळूहळू हळवा होत जातो. शिंप्याकडे जमीन नाही. त्याच्याकडे एक मशीन असते आणि गावातल्या वजनदार माणसांची मर्जी. मर्जी फिरली की चूल थंड. कडेला राहणाऱ्या घराची गोष्ट सांगायला हा धंदा नेमका आहे, आणि दोन्ही लेखकांनी तो आतून ओळखला.

त्यानंतर १९७८ मध्ये ‘बलुतं’, १९८० मध्ये ‘उपरा’, १९८७ मध्ये ‘उचल्या’. या आत्मकथनांनी मराठी वाचकाचा कान बदलला, आणि कादंबरीची थोडी अडचणही केली. “हे मी भोगले” असे म्हणणारे पुस्तक समोर असताना “हे मी कल्पिले” म्हणणाऱ्याला कोण विचारणार? मोठ्या कादंबऱ्या त्यानंतरही झाल्या. वाशीमच्या नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ मध्ये आणि बुलढाण्याच्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ मध्ये साहित्य अकादमी मिळाली. दोन्ही पश्चिम विदर्भातल्या. म्हणजे विदर्भाच्या नकाशावर कादंबरी कापसाच्या काळ्या मातीत रुजली आणि वैनगंगेच्या काठाशी येऊन थबकली.

हे का झाले, याचे एक कारण जगण्याच्या रीतीत आहे. वऱ्हाडातल्या घराला एक कणा असतो: पेरणी, पीक, सावकार, पुन्हा पेरणी. कथानक त्या कण्याला धरून चालते. झाडीपट्टीतल्या, म्हणजे या पूर्वेकडच्या धानाच्या मुलखातल्या घराचे वर्ष तुकड्यातुकड्यांचे. आषाढ-श्रावणात दुसऱ्याच्या बांधीत धानाचा रोवणा. दिवाळीच्या आगेमागे कापणी. मग पुष्कळ घरांना कुलूप, कारण माणसे मिरची तोडायला तेलंगणात, खम्मम-वारंगलकडे गेलेली. फाल्गुन-चैत्रात मोहफूल. वैशाखात तेंदू. मधल्या फटींत रोजगार हमी, तलावातली मासोळी, बांबू, सरपण. असे घर कशावर जगते याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. ज्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, खरे तर तीच कादंबरीची जागा. पण बाहेरून आलेल्या लेखकाला इथे पहिल्यांदा दिसते ते जंगल, आणि दुसऱ्यांदा दिसते ती बंदूक.

बंदुकीपासूनच सुरुवात करू, कारण या मुलखावरची सर्वांत परिचित कादंबरी तिथेच पोचते. विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’. मनोहर हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात वर्षानुवर्षे राहिलेले, त्यामुळे भामरागडच्या बाजूचे माडिया जग त्यांनी दौऱ्यावर येऊन पाहिलेले नाही. त्यांचा जुरू हा माडिया तरुण कागदी नाही. जंगलखात्याचा नाकेदार, व्यापारी, पोलीस, सरकारी माणूस या प्रत्येकाकडून जुरूच्या लोकांची लुबाडणूक कशी होते, तिची बारीक तपशीलवार नोंद पुस्तकात आहे, आणि त्या काळी नागपूर-पुण्याच्या वाचकाला तिने हादरवले ते योग्यच होते. माझी तक्रार शीर्षकापासून सुरू होते. कुठे पोचायचे ते आधीच ठरले, की वाटेतला प्रत्येक प्रसंग पायरी होतो. आई, शेत, गोटूल, लग्न हे सगळे जणू कोर्टात दाखल केलेले पुरावे: पाहा, म्हणून तो तिकडे गेला. समजा जुरू गेलाच नसता, तर? तीच लुबाडणूक सोसत, थोडी लबाडी शिकत, मुलांना आश्रमशाळेत घालून, दारू पीत किंवा सोडत तो गावातच म्हातारा झाला असता. बहुसंख्य जुरूंचे हेच झाले. त्यांच्यावर कादंबरी नाही.

चंद्रपूरचेच सुरेश द्वादशीवार यांनी ‘हाकुमी’मध्ये माडिया जगाला हात घातला. पत्रकाराची नजर, प्रश्नाची जाण आणि प्रवाही गद्य हे तिचे बळ. मर्यादाही त्याच नजरेची: प्रश्न माणसांपेक्षा लवकर दिसतो. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, मेळघाटात, लोकसाहित्याचे अभ्यासक मधुकर वाकोडे यांनी कोरकूंवर ‘झेलझपाट’ लिहिली. तिच्यात सण, गाणी, देवदेवता कथेच्या अंगात मुरलेल्या आहेत, वरून शिंपडलेल्या नाहीत. म्हणजे जंगलातले घर बंदुकीशिवाय उभे करता येते, हे विदर्भातच कोणीतरी दाखवून दिलेले आहे. कविता महाजनांच्या ‘ब्र’ (२००५)मधली प्रफुल्ला ही बाहेरून आदिवासी भागात गेलेली कार्यकर्ती, आणि पुस्तक ते लपवत नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण आदिवासी सरपंच बाईच्या घरात आपण तिथेही पाहुणे म्हणूनच शिरतो आणि सभा आटोपली की निघतो.

नक्षल चळवळीवरची घराची खरी कादंबरी कोणती, असे विचारले तर बंगालीतली महाश्वेता देवींची ‘हजार चुराशीर मा’ आठवते. तिच्यात मुलगा मेलेला आहे आणि गोष्ट आईची आहे. पण ती आई कोलकात्यातल्या सुखवस्तू घरातली. एटापल्ली-भामरागडच्या आईला अशी कादंबरी अजून मिळायची आहे. इथे तर पेच अधिक कठीण आहे. नक्षल्यांच्या दलमात गेलेली पोरे आणि पोलिसांच्या सी-साठ पथकातली पोरे याच मुलखातली. एकच भाषा, एकच पाडे, कित्येकदा एकच नातेगोते. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूरच्या बाजूला इंद्रावतीकाठी चाळीस नक्षलवादी मारले गेले, आणि १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने पंधरा जवान आणि त्यांचा वाहनचालक गेले. बातम्यांमध्ये ही दोन बाजूंची नोंद असते. ज्या गावात दोन्ही प्रकारची तेरवी झाली, तिथल्या विहिरीवर बायका दुसऱ्या दिवशी एकमेकींशी काय बोलल्या असतील? ‘खबऱ्या’ ठरवून रात्री घरातून नेलेल्या माणसाच्या बायकोने सकाळी जनावरे सोडली की नाही? कादंबरीकाराला इथे लेखणी टेकवायला हवी होती. आपण मात्र चकमकीचे वर्णन करून मोकळे झालो.

दुसरा अडसर जास्त सभ्य आहे. तो म्हणजे चांगल्या माणसांची चांगली पुस्तके. प्रकाश आमट्यांचे ‘प्रकाशवाटा’, गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेने बालमृत्यूंवर काढलेला ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल, मिलिंद बोकिलांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ आणि गोंडपिपरी तालुक्यातल्या गावावरचे ‘कहाणी पाचगावची’. यातले एकही पुस्तक मी कमी लेखणार नाही. मेंढा-लेखा हे गाव २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत होते, आणि ग्रामसभा कशी चालते, बांबूवरचा हक्क कसा मिळाला, हे बोकील जसे सांगतात तसे सरकारी कागदात कधी आले नसते. पण या पुस्तकांत गरीब माणूस एकतर रुग्ण असतो, नाहीतर ग्रामसभेचा सदस्य. तो दवाखान्याच्या ओसरीवर येतो, बरा होतो किंवा होत नाही. ग्रामसभेत येतो, शहाणपणाचे बोलतो. रात्री घरी गेल्यावर भावाशी बांधाच्या तुकड्यावरून कसा भांडतो, हे त्या पुस्तकांचे काम नाही. अपवाद करायचा तर ‘सर्च’च्याच राणी बंग यांच्या ‘कानोसा’चा आणि ‘गोईण’चा करीन. ‘कानोसा’त बाया स्वतःच्या शरीराविषयी, नवऱ्याविषयी, पाळीविषयी, दुखण्याविषयी ज्या मोकळेपणाने बोलतात, ‘गोईण’मध्ये झाडांशी असलेले नाते ज्या हिशेबीपणाने आणि मायेने सांगतात, ते या भागावरच्या कित्येक कादंबऱ्यांपेक्षा कादंबरीच्या जवळचे आहे.

आदिवासी लेखक स्वतः लिहू लागले तेव्हा ते कवितेकडे गेले. चंद्रपूरच्या विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’ १९८७ चा. उषाकिरण आत्राम यांच्या कवितेत गोंड बाईचा आवाज ठसठशीत आहे. या कवितेचे सर्वनाम ‘आम्ही’ आहे. ज्यांना कोणी माणसात धरत नव्हते त्यांनी आधी ‘आम्ही’ म्हणायचे, हे साहजिकच. कादंबरीला मात्र ‘आम्ही’ पुरत नाही, तिला एकेक ‘मी’ हवा, आणि त्यात घरातला वाईट माणूसही हवा. बायकोला मारणारा, भावाचे पैसे बुडवणारा, ठेकेदाराला फितूर झालेला. आपल्यातला वाईट माणूस छापून दाखवायला समाजाच्या पायाखाली थोडी पक्की जमीन लागते. खानदेशातल्या नजूबाई गावित यांनी आणि यवतमाळच्या बाबाराव मडावी यांनी कादंबरीकडे पाऊल टाकले. गडचिरोलीत ते पाऊल अडखळत पडते आहे.

यात आणखी एक गोची आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. गडचिरोली म्हणजे आदिवासी, हे समीकरण इतके घट्ट बसले आहे की २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जमातींचे प्रमाण जेमतेम ३९ टक्के होते, हे सांगितले तर लोक चमकतात. चंद्रपुरात तर ते १८ टक्क्यांच्या आत होते. मग बाकीचे कोण? मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावांत जाळे टाकणारे ढिवर. ज्यांच्या टोपल्यांना बाजार राहिला नाही आणि ज्यांना डेपोतून वेळेवर बांबू मिळत नाही ते बुरूड. १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेतलेल्यांची तिसरी-चौथी पिढी. दोन एकर धानावर सहा माणसे पोसणारे कुणबी, तेली. आणि मुलचेरा-चामोर्शीकडचे बंगाली: पूर्व बंगालातून निर्वासित म्हणून आले, दंडकारण्याच्या कडेला वसवले गेले, आता त्यांची नातवंडे झाडीतल्या बाजारात मराठी बोलून मासे विकतात. जंगल नाही, बंदूक नाही, नाच नाही, म्हणून यांच्याकडे कादंबरीवाला फिरकला नाही. ढिवराच्या घरात काय नाट्य असणार, असे वाटत असेल, तर तलावाचा लिलाव होताना एकदा सोसायटीच्या बैठकीला बसून पाहावे.

आणि तेंदूची फळी. फळी म्हणजे गावाबाहेरची ती मोकळी जागा, जिथे पाने मोजून घेतात. घरातली माणसे पहाटेच्या अंधारात, कधी चार-पाच किलोमीटर आत जातात, उन्हे चढायच्या आत गाठोडी डोक्यावर घेऊन परततात. मग दुपारभर सावलीत सगळे घर पाने जुळवत बसते: म्हातारी, सून, शाळेला सुट्टी लागलेली पोरे. एका पुड्यात ७० पाने, पाठ-पोट जुळवून, देठ एका बाजूला, सालीच्या दोरीने बांधलेली. संध्याकाळी पुडे फळीवर न्यायचे आणि जमिनीवर ओळीने मांडायचे. शंभराच्या हिशेबाने मोजणी होते, हजार पुड्यांची एक गोणी. मोजणारा एखादा पुडा उचलतो, सोडतो, पाने बोटांनी पसरतो: हे कोवळे, हे फाटके, हे बाद. बाद पुड्याचे पैसे नाहीत, पण पुडा फळीवरच राहतो. बाई काही बोलत नाही. तिच्या मागे रांग आहे आणि उद्याही याच माणसाकडे यायचे आहे. नंतर ग्रामसभांनी स्वतः विक्री सुरू केली, तेव्हा मोजणारा गावातलाच झाला, आणि मग भांडणेही गावातलीच झाली. ठेकेदारावर ओरडता येत होते, चुलतभावावर कसे ओरडायचे? या एका बदलात सबंध कादंबरीचा ऐवज आहे. सामूहिक वनहक्काच्या यशोगाथेत तो मावत नाही आणि शोषणाच्या शोकगाथेतही मावत नाही, म्हणून तो अजून फळीवरच पडून आहे.

पहाटेच्या त्या वाटेवर वाघही असतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी मारल्या गेल्या. मराठी अरण्यसाहित्यात वाघ देखणा आहे, आणि मारुती चितमपल्लींसारख्यांनी आपल्याला जंगल वाचायला शिकवले याचे ऋण मोठेच. गरीब घरात वाघ येतो तो फाइल होऊन. मृत्यूला २५ लाखांची भरपाई, त्यातली काही रक्कम हातात आणि उरलेली बँकेत ठेव म्हणून. म्हणजे ज्या घरात पाचशेची नोट टिकली नाही, तिथे अचानक ठेवपावती येते. विधुर नवऱ्याचे दुसरे लग्न, माहेरच्यांचा हक्क, मुलाच्या नावावरचे पैसे, व्याज कोणी उचलायचे, गावातल्या ओळखीच्या माणसाचा सल्ला आणि त्याची दलाली. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकला हे कळले असते तर त्याने झोप सोडली असती.

मिरचीची गोष्टही अशीच. टेम्पोत बसून सीमेपलीकडे गेलेली कुटुंबे, शेतातल्या पालात काढलेले दोन-अडीच महिने, हाताची आणि डोळ्यांची आग, मुलांची बुडालेली शाळा. २०२० च्या टाळेबंदीत तीच माणसे तेलंगणातून पायी निघाली आणि गोदावरी-प्राणहितेच्या नाक्यांवर अडकली, तेव्हा चार दिवस छापून आली. ऊसतोडीवर मराठीत कथा आहेत, कविता आहेत, सिनेमे आहेत. मिरचीतोडीवर काय आहे?

या सगळ्याचा एक जबाब झाडीपट्टीतला माणूस देतो, आणि तो ऐकण्यासारखा आहे. आमची गोष्ट पुस्तकात नसेल, पण रंगमंचावर आहे, असे तो म्हणतो. खरेच आहे. गडचिरोली जिल्ह्यातले एकमेव रेल्वेस्थानक वडसा, आणि तेच झाडीपट्टी रंगभूमीचे ठाणे. धान घरात आले की दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत गावोगाव नाटके लागतात. रात्री उशिरा पडदा उघडतो, उजाडताना पडतो. व्यसनी बाप, फसवलेली बहीण, जमिनीसाठी वैरी झालेले भाऊ, कर्जाने गळफास घेतलेला शेतकरी: गरीब घराचे सगळे दुखणे तिथे रात्रभर मांडले जाते, मधे विनोद आणि नाचगाणे टाकून. त्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईकडे बऱ्याच जणांनी नकाशा उघडला. प्रेक्षक तिकीट काढून येतो, थंडीत घोंगडी पांघरून बसतो, रडतो. मराठी कादंबरीला असा वाचक स्वप्नातही मिळालेला नाही. मग लेखणीवर हुकमत असलेला झाडीतला माणूस तीनशे पानांची कादंबरी लिहून पुण्याच्या प्रकाशकाच्या पत्राची वाट का पाहील? तो नाटकच लिहील, आणि पुढच्या महिन्यात ते उभे राहिलेले पाहील.

पण नाटकाला पहाटेच्या आत निकाल लावावा लागतो. खलनायक ओळखता यावा लागतो, शेवटी माफी किंवा फाशी. फळीवरच्या त्या गप्प बाईला तिथे जागा नाही, कारण गप्प राहण्यावर टाळ्या पडत नाहीत.

ओडियात गोपीनाथ महांतींनी हे काम १९४५ सालीच करून ठेवले. ‘परजा’मधला सुक्रू जानी कोरापुटचा, दोन मुले, दोन मुली. फॉरेस्ट गार्डची नजर मुलीवर पडते, बाप नकार देतो, मग झाडे तोडल्याचा दंड बसतो. दंड भरायला सावकार, सावकाराचे फेडायला बाप-लेकांची वेठबिगारी. शेवटी कुऱ्हाड उचलली जातेच, पण तोपर्यंत आपण त्या घरात इतके राहिलेलो असतो की कुऱ्हाड कोणत्याही चळवळीची वाटत नाही, सुक्रूच्या घराचीच वाटते. कोरापुट आपल्यापासून फार दूर नाही. तेच दंडकारण्य, तोच नाकेदार. अमेरिकेत डॅनियल वुडरेलच्या ‘विंटर्स बोन’ (२००६)मध्ये ओझार्कच्या डोंगरातली सोळा वर्षांची पोर बेपत्ता बाप शोधत हिंडते, कारण बापाने जामिनापोटी घर गहाण टाकलेले असते. गुन्हेगारी आहे, पण गोष्ट घर वाचवण्याची आहे. दोन्ही लेखकांनी उंबऱ्यापासून सुरुवात केली आणि कायदा, गुन्हा, बंदूक हे सगळे त्या उंबऱ्यावर आणून उभे केले. आपल्याकडे नेमके उलटे झाले.

भाषेचा प्रश्न राहतोच. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास उभा केला, संमेलने भरू लागली, बोलीत कविता भरपूर आली. कादंबरीत मात्र पात्रे अजून दोनच तऱ्हेने बोलतात: एकतर पाठ्यपुस्तकी मराठीत, नाहीतर शहरी लेखकाने ‘गावंढळ’ म्हणून बनवलेल्या कुठल्याच गावच्या नसलेल्या बोलीत. माडिया पात्रांची दशा त्याहून वाईट. ती आपसातही अशी तुटक मराठी बोलतात, जणू घरात कोणी परका बसला आहे. स्वतःच्या भाषेत माणूस तुटक बोलत नाही. टोमणे मारतो, लांबण लावतो, खोटे बोलतो. माडियातले बोलणे कादंबरीत पूर्ण, सफाईदार मराठीत लिहायला काय हरकत आहे? तुटकपणा ठेवायचाच तर तो नाकेदाराशी बोलताना ठेवावा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. त्यावर आता पुस्तके येतील, बहुतेक अधिकाऱ्यांची आणि पत्रकारांची. कादंबरीकाराने जरा वेगळीकडे पाहावे असे मला वाटते. दलमात लग्नाची परवानगी मिळायची ती पुरुषाने नसबंदी करून घेतल्यावर. शरण आलेल्या कित्येक जोडप्यांनी गेल्या काही वर्षांत गडचिरोलीत ती शस्त्रक्रिया उलटवून घेतली, आणि त्यांना मुले झाली. ही जोडपी चाळिशीकडे झुकलेली. पूर्वीची नावे वेगळी, रेशनकार्डावरची वेगळी. गावी परत जाता येत नाही, कारण तिथे कोणाच्या तरी घरातला माणूस यांच्यापैकी कोणीतरी मारलेला असतो. शहराच्या कडेला दोन खोल्या, शिवणकाम किंवा पहारेकऱ्याची नोकरी, आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलेला प्रश्न: बापाचे मूळ गाव कोणते? ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ जिथे थांबली, तिथून वीस-पंचवीस वर्षे पुढे गेल्यावर हे घर लागते. त्यात एक शिलाई मशीनही आहे.